आधी पाणी मोजा, मग खोल्या काढा
कच्छच्या कोरड्या किनाऱ्यावरच्या घरांकडून घेण्याजोगा धडा

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. तेव्हापासून किनाऱ्यालगतच्या गावांत एक बेत घरोघर ऐकू येतो. बागेच्या कडेला आठ-दहा खोल्या काढायच्या, वर स्लॅब ओतायचा, प्रत्येक खोलीत एसी बसवायचा आणि पाण्याला बोअर मारायची. बँकेचे कर्ज पर्यटकांच्या पैशातून फिटेल, हा त्यामागचा हिशेब. बेत वाईट नाही. पण त्यात सगळ्याचा हिशेब असतो, पाण्याचा मात्र नसतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आम्ही कृषी खात्याची माणसे, घरबांधणी हा काही आमचा विषय नव्हे. पण माती, पाणी, वारा आणि सावली यांच्याशी आमचा रोजचा संबंध. कोरड्या किनाऱ्यावरचे हॉटेल चालते की बुडते, हेही याच चार गोष्टींवर ठरते. म्हणून आज थोडे लांब, गुजरातच्या कच्छ जिल्ह्यात जाऊ. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. कच्छात वर्षाची सरासरी जेमतेम साडेतीनशे ते चारशे मिलिमीटर आणि तीही भरवशाची नाही. एका वर्षी ओढे वाहतात, पुढच्या वर्षी कोरडे ठणठणीत. तरी तिथे माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली आणि आता पर्यटकही राहतात. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

भुंगा म्हणजे गोल घर

भुंगा म्हटले की आपल्याला वासे पोखरणारा भुंगा आठवतो. कच्छात मात्र भुंगा म्हणजे मातीचे गोल घर. उत्तरेकडच्या बन्नी भागात, रणाच्या कडेला, ही घरे जास्त दिसतात. आतून रुंदी साधारण तीन ते सहा मीटर, भिंती मातीच्या आणि जाड, खिडक्या लहान आणि खालच्या अंगाला, दार एकच. वर गवताने शाकारलेले निमुळते छप्पर. आतून-बाहेरून माती आणि शेणाचा गिलावा. त्यावर आरशाचे तुकडे बसवून नक्षी काढतात, तिला लिंपणकाम म्हणतात. हे काम मुख्यतः बायकांच्या हातचे.

या घराची करामत साधी आहे. जाड मातीची भिंत दिवसभराचे ऊन हळूहळू पिते आणि ती उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. रणाच्या बाजूला रात्र थंड असते, त्यामुळे भिंत रात्रीतून निवते आणि सकाळी पुन्हा तयार होते. गवताचे छप्पर तर तापतच नाही म्हटले तरी चालेल. गोल आकारामुळे वाऱ्याला कोपरा सापडत नाही आणि धरणीकंपात भिंती एकमेकींना धरून राहतात. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात मोठा भूकंप झाला. हजारो माणसे दगावली, दगडाची चौकोनी घरे गावेच्या गावे कोसळली. त्या पडझडीत नीट बांधलेले भुंगे मात्र मोठ्या संख्येने उभे राहिले. त्यानंतर मातीच्या घराकडे पाहण्याची इंजिनिअर लोकांची नजरही बदलली. भुजमध्ये हुन्नरशाला नावाची संस्था उभी राहिली आणि तिने स्थानिक गवंड्यांच्या हातातले कसब नव्या बांधणीत आणले.

बन्नीतल्या होडको गावात याच धर्तीवर मुक्कामाचे ठिकाण झाले. नाव ‘शाम-ए-सरहद’. केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या ग्रामीण पर्यटन योजनेतून ते २००० नंतरच्या दशकात उभे राहिले. खोल्या म्हणजे भुंगेच, कारभार गावच्या समितीकडे आणि हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा. जवळच्या धोरडो गावाला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत घेतले. म्हणजे पर्यटक मातीच्या घरात राहत नाहीत, त्यांना सिमेंटच लागते, ही समजूत खरी नाही.

किनाऱ्यावर भिंतीपेक्षा वारा मोठा

आता कोणी म्हणेल, चला, आपणही भुंगे बांधू. थांबा. बन्नी रणाच्या कडेला आहे, तर मांडवी-मुंद्रा समुद्राच्या कडेला. एकाच जिल्ह्यात दोन हवामाने आहेत. समुद्राजवळ दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फार फरक पडत नाही, शिवाय हवेत दमटपणा असतो. रात्र थंड नसली की जाड भिंतीला निवायला वेळच मिळत नाही. अशा ठिकाणी घाम वाळवणारा वारा हवा. म्हणून किनाऱ्यावर पहिली सावली, दुसरा वारा आणि भिंतीची जाडी तिसऱ्या नंबरावर.

मांडवीच्या समुद्राजवळ कच्छच्या राजघराण्याचा विजय विलास राजवाडा आहे. १९२९ मध्ये पुरा झालेला हा वाडा उन्हाळ्यात राहण्यासाठी बांधला. जाळ्या, सज्जे, गच्चीवरच्या छत्र्या ही त्यातली शोभा खरी, पण प्रत्येक शोभेला काम आहे. जाळी ऊन अडवते आणि वारा आत सोडते. सज्जा भिंतीवर सावली धरतो. राजाची ऐपत मोठी होती, पण ऊन राजालाही सोडत नाही.

हीच गोष्ट आपल्या कोकणातल्या कितीतरी माणसांनी आखातात पाहिली असेल. दुबईत खाडीकाठी अल फहिदी नावाची जुनी वस्ती आहे. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली. समुद्रातल्या प्रवाळाचा दगड आणि वरून जिप्समचा गिलावा, मध्ये अंगण आणि छपरावर चौकोनी वारामनोरा. मनोऱ्याला चारही बाजूंनी तोंडे असतात. वारा कुठूनही आला तरी तो पकडून खालच्या खोलीत उतरवायचा, हे त्याचे काम. विजेचा पंखा नव्हता तेव्हाची ही सोय. आज त्या जुन्या घरांपैकी काही घरांत छोटी हॉटेले चालतात.

आपल्या किनाऱ्यावर एक अडचण लक्षात ठेवली पाहिजे. दुपारचा वारा पश्चिमेचा आणि दुपारचे ऊनही पश्चिमेचे. वाऱ्यासाठी पश्चिमेला खिडकी ठेवली तर ऊन आत येते, उन्हासाठी बंद केली तर खोलीची भट्टी होते. यावर आपल्या आजोबांनी तोड काढलेली होती, ती म्हणजे पडवी. पश्चिमेला आठ फुटांची पडवी काढा, तिच्यामागे खिडकी ठेवा आणि समोरच्या भिंतीत वर दुसरी खिडकी द्या. वारा आत शिरून वरून बाहेर पडेल, ऊन पडवीतच थांबेल. खळ्यात मांडव घालून वर झापे पसरली की जमीनही तापत नाही. एवढे केल्यावर एसी लागलाच तर थोडाच वेळ लागेल.

खाऱ्या हवेतला स्लॅब

आता स्लॅबचे पाहू. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता नेमकी पाहुण्याच्या अंगावर सोडतो. त्यावर एसी चालवायचा म्हणजे चुलीवर पातेले ठेवून वरून फुंकर घालण्यासारखे. स्लॅब घालायचाच असेल तर वर पांढरा चुना द्या किंवा पांढऱ्या फुटक्या लाद्या बसवा. गुजरातेत गच्चीवर अशा लाद्या सर्रास दिसतात. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खोली काही अंशांनी थंड राहते.

दुसरी गोष्ट गंजाची. समुद्राच्या हवेतले मीठ काँक्रीटमधून आत शिरते, सळई गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. म्हणूनच भारतीय मानकात किनाऱ्यालगतच्या आरसीसी बांधकामासाठी किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. गावातला ठेकेदार अनेकदा इंचभरच आवरण ठेवतो. मळणीसाठी खारट बोअरचे पाणी वापरले किंवा समुद्राची वाळू न धुता घातली, तर कर्ज फिटायच्या आत छताचे पोपडे पडायला लागतात. माती, चिरा, चुना आणि कौल यांत सळईच नसल्याने हे दुखणे नाही.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. किनाऱ्यावरच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते, असा शास्त्राचा ढोबळ नियम आहे. त्याचा उलटा अर्थ समजून घ्या. पंप लावून पातळी एक फूट खाली नेली, की खालून खारे पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. मांडवी-मुंद्राच्या किनारपट्टीत शेतीसाठी भरमसाट उपसा झाला आणि कितीतरी विहिरी खारट झाल्या. विहीर एकदा खारट झाली की ती गोडी व्हायला वर्षे लागतात. आणि खारट होते ती फक्त हॉटेलवाल्याची नाही, शेजाऱ्याचीही आणि गावच्या पिण्याच्या पाण्याचीही.

बन्नीतल्या मालधारी पशुपालकांना हे ज्ञान पूर्वीपासून आहे. सखल जागी पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरते. तिथे ते उथळ खड्डे काढतात, त्यांना विरडा म्हणतात. विरड्यातून पाणी हळूहळू, लागेल तेवढेच काढायचे. खोल खणले किंवा घाईने उपसले की खारे वर आले. खडीर बेटावरच्या धोलावीरा या सिंधू संस्कृतीच्या नगरात दोन ओढ्यांचे पाणी वळवून मोठमोठ्या टाक्यांत साठवत असत. २०२१ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी नगर आखतानाच टाक्यांची जागा धरली होती.

आता आपण कागद-पेन्सिल घेऊ. दहा खोल्या, वीस पाहुणे. हॉटेलसाठी दर खाटेमागे रोज १८० लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे रोज ३,६०० लिटर. दहा खोल्यांचे छप्पर २०० चौरस मीटर धरू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. कच्छातला ३५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तर वर्षाला ५६,००० लिटर मिळतात. ३,६०० लिटरने ते साडेपंधरा दिवसांत संपले!

पण हेच पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला ठेवले, माणशी १० लिटर, तर रोज २०० लिटर लागतात आणि ५६,००० लिटर २८० दिवस पुरतात. म्हणजे कच्छातसुद्धा अख्खा हंगाम छपरावरच्या पाण्यावर निघतो. फरक पावसाने पडला नाही, पाणी कशाला वापरायचे या निर्णयाने पडला.

एक व्यवहारी गोष्ट इथे सांगितली पाहिजे. गवताच्या छपरावरून पिण्यासारखे स्वच्छ पाणी मिळत नाही. झोपायच्या खोल्या शाकारलेल्या असतील तर स्वयंपाकघर आणि जेवणाची पडवी कौलांची किंवा पक्क्या छपराची ठेवावी आणि टाकीला पाणी तिथून घ्यावे. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे.

आता पोहण्याच्या तलावाचे. पाहुणे मागतात म्हणून दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलाव केला, तर त्याला ७५,००० लिटर पाणी लागते. कच्छातल्या त्या छपरावरच्या वर्षभराच्या पावसापेक्षाही जास्त. वर रोज पाच-सहा मिलिमीटर वाफ होऊन अडीचशे-तीनशे लिटर उडून जाते ते वेगळेच. शंभर चौरस मीटरची हिरवळ उन्हाळ्यात रोज ५०० लिटर पिते. खारे पाणी गोडे करणारे यंत्र बसवू म्हणाल, तर छोट्या यंत्रातून जेवढे गोडे पाणी मिळते तेवढेच किंवा त्याहून जास्त खारवट पाणी बाहेर पडते. ते बागेत सोडले तर जमीन गेली.

न्हाणीचे पाणी झाडाला

पाहुण्याच्या १८० लिटरपैकी शंभर लिटर तरी अंघोळीचे आणि धुण्याचे असतात. वीस पाहुण्यांचे झाले २,००० लिटर. हे पाणी शौचालयाच्या पाण्यात मिसळू न देता वेगळ्या नळीने काढा. आधी गाळाची टाकी, मग खडी-वाळूची गाळणी आणि शेवटी कर्दळ लावलेला चर. तिथून पुढे ते झाडांना द्या. ठिबकवर माडाला उन्हाळ्यात रोज ४० लिटर धरले तर या पाण्यावर ५० माड जगतात. पालेभाजीला आणि कच्च्या खाण्याच्या पिकाला मात्र हे पाणी देऊ नये. साबण बेताचा वापरावा.

कच्छच्या शेतकऱ्याने झाडही जमिनीला साजेसे निवडले. मुंद्रा-मांडवी भागात खारकेच्या बागा आहेत. खारीक खारट पाणी पुष्कळ सोसते. पावसाच्या तोंडावर फळ पूर्ण पिकत नाही, म्हणून ते ताजेच, कडक असताना, विकतात. कच्छी खारकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हॉटेलच्या अंगणात विलायती गवत लावण्यापेक्षा अशी झाडे सावलीही देतात आणि पैसाही. आपल्याकडे माड, काजू, कोकम आणि उंडी आहेतच.

आपण काय घ्यावे, काय सोडावे

कच्छची नक्कल करू नये. आपल्या पावसात मातीची उघडी भिंत टिकणार नाही आणि गवताचे छप्पर दरवर्षी शाकारावे लागेल. आपल्याला चिऱ्याची भिंत, उतरते कौलारू छप्पर आणि रुंद पडवीच बरी. घ्यायची ती त्यांची पद्धत. जागेवर जे आहे त्यातून बांधायचे आणि पाणी पाहून खोल्या ठरवायच्या. यात आणखी एक लाभ आहे. सिमेंट, लोखंड आणि एसी यांचा पैसा गावाबाहेर जातो. चिरेखाण, सुतार, गवंडी आणि शाकारणारा गडी यांना दिलेला पैसा गावात फिरतो. भुंग्याचे लिंपण करणाऱ्या बाईला दरवर्षी काम मिळते. तीच गोष्ट आपल्या सुताराची.

खोल्या काढण्याचा विचार असणाऱ्यांनी निदान पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१) मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीची पातळी मोजा आणि पाण्याचा खारेपणा तपासून घ्या. दिवाळीतल्या विहिरीवर विसंबू नका.

२) बागेला लागणारे पाणी आधी वजा करा. उरेल त्याला माणशी १८० लिटरने भागा. जेवढी माणसे निघतील तेवढ्याच खाटा.

३) पिण्याच्या पाण्याची टाकी पायाबरोबरच बांधा. आपल्याकडे डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत वीस पाहुण्यांना रोज २०० लिटरप्रमाणे ३६,००० लिटर लागतात. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर खोल टाकीत ते मावतात.

४) इमारतीची लांब बाजू दक्षिण-उत्तर तोंडाची ठेवा, पश्चिमेला पडवी द्या, जागेवरचे जुने झाड तोडू नका. नवे झाड सावली द्यायला दहा वर्षे घेते.

५) सागरतट नियमनाची अधिसूचना १९९१ मध्ये प्रथम निघाली आणि २०११ व २०१९ मध्ये बदलली. भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येते आणि पाणी कसे घेता येते, हे आपल्या सर्व्हे नंबराबाबत लेखी विचारून घ्या. बांधकामाला हात त्यानंतरच.

या हिशेबात कुणाच्या दहा खोल्यांच्या सहा होतील, कुणाच्या चार. मन खट्टू होईल. पण चार खोल्या मेअखेरपर्यंत चालल्या तर हप्ता फिटतो. दहा खोल्या मार्चमध्येच टँकरवर आल्या तर मिळालेला पैसा टँकरवाल्याकडे जातो, आणि विहीर खारट झाली तर माडही जातात. पर्यटक काय, एक वर्ष आला नाही तर पुढच्या वर्षी येईल. गोडी विहीर मात्र एकदा गेली की आपल्या हयातीत परत येईल याचा भरवसा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. किनाऱ्यावर विहीर पाहून खोल्या काढाव्यात.